जुनी मॉडेल विमान मासिके : वाचकांचे प्रश्न

मॉडेल विमाने बांधण्याच्या आणि उडवण्याच्या छंदाला वाहिलेल्या जुन्या मासिकांवर गेल्या अंकात एक छोटे टिपण छापले होते. त्या मासिकांतील आराखड्यांवरून आजही उडणारी विमाने बांधता येतात, असे त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत इंग्रजी मासिकांचे तीस-पस्तीस अंक सापडले. काहींवर ‘एरोमॉडेलर’ आणि काहींवर ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’ असे नाव आहे. बहुतेक अंक १९३८ ते १९५५ या काळातले आहेत. मला या छंदाची काहीच माहिती नाही. हे अंक ठेवण्यासारखे आहेत का?

उत्तर : जरूर ठेवावेत, आणि कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा सावकाश चाळावेत. आपल्या हाती आलेली दोन्ही नावे या छंदातील अग्रगण्य मासिकांची आहेत. ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’ अमेरिकेत १९२९ साली सुरू झाले आणि ‘एरोमॉडेलर’चा पहिला अंक ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९३५ मध्ये निघाला. चार्ल्स लिंडबर्ग यांनी मे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्याने विमान नेले, त्यानंतर मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये विमानांची जी ओढ निर्माण झाली, तिच्यावरच ही मासिके उभी राहिली. त्याच सुमाराचे ‘फ्लाइंग एसेस’ हे अमेरिकी मासिक तर हवाई युद्धाच्या साहसकथा आणि मॉडेलचे आराखडे एकाच अंकात देत असे. त्याचेच नाव पुढे ‘फ्लाइंग मॉडेल्स’ झाले.

रबराच्या पिळावर उडणारे विमान त्याआधीही होतेच. आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी उद्यानात असे एक छोटे विमान सुमारे ४० मीटर उडवून दाखवले होते आणि ते ११ सेकंद हवेत राहिले होते. परंतु एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला घरी बसून जसाच्या तसा करता यावा, यासाठी मोजमापांसह छापलेला आराखडा लागतो, आणि तो दर महिन्याला देण्याचे काम या मासिकांनी केले. म्हणून आपल्याकडचे अंक वाचण्यासाठी जितके आहेत तितकेच कामाच्या टेबलावर उघडे ठेवून वापरण्यासाठी आहेत, असे मी मानतो.

आपल्या अंकांचा काळ विशेष मोलाचा आहे, कारण त्या सतरा वर्षांत हा छंद जवळजवळ पूर्ण बदलला. आधीच्या अंकांतील पेट्रोल इंजिनांना ठिणगी लागत असे आणि त्यासाठी कॉइल, कंडेन्सर व बॅटरी हे सगळे ओझे विमानातूनच न्यावे लागे. त्या काळातील ब्राउन ज्युनियर या इंजिनाचे नाव आपल्याला जाहिरातींत दिसेल. १९४६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मिल्ससारखी छोटी डिझेल इंजिने आली आणि १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग, बाजारात आणला. त्यानंतर कॉइल आणि ठिणगीची बॅटरी विमानातून गेली. दोन तारांनी हातातून ताब्यात ठेवायच्या कंट्रोल लाइन विमानांचा प्रसार जिम वॉकर यांच्या ‘फायरबॉल’पासून, म्हणजे १९४० पासून झाला. रेडिओ नियंत्रण १९३७ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेतच अवतरले होते. तिथे गुड बंधूंनी आणलेले ‘गफ’ हे विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तरीही सामान्य छंदिष्टाला रेडिओ परवडू लागायला बराच काळ जावा लागला, हे १९५० नंतरच्या अंकांतील लेखांवरूनही कळते.

युद्धकाळातील अंक हाती असतील तर ते थोडे अधिक जपावेत. मॉडेलांसाठी वापरले जाणारे अतिशय हलके बाल्सा लाकूड लष्करी कामाकडे वळले होते. ब्रिटनच्या मॉस्किटो विमानाच्या सांगाड्यातील थरांमध्ये ते वापरले जात होते. त्यामुळे त्या वर्षांतील मॉडेलांच्या आराखड्यांत पाइन, स्प्रूस आणि पुठ्ठा यांच्या सूचना येतात. अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शाळांतील विद्यार्थ्यांकडून विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी १:७२ प्रमाणातील पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या होत्या. छंद आणि युद्ध यांची अशी गाठ पडल्यावर मासिकाच्या पानांचा सूरही बदलला, आणि तो बदल एकामागून एक अंक वाचत गेल्यास फार स्पष्ट जाणवतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. १९४८ च्या एका अंकात ३६ इंच पंखविस्ताराच्या रबर मोटरवर उडणाऱ्या विमानाचा आराखडा आहे, पण तो मासिकाच्या एका पानावर लहान करून छापला आहे. तो मोठा करून विमान बांधायचे आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आपला प्रश्न या सदराच्या अगदी गाभ्याचा आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

आराखडा किती पट मोठा करायचा, हे पानावरील ‘एक चतुर्थांश आकार’ अशा शब्दांवरून ठरवू नये. आराखड्यावर जिथे मोजमाप आकड्यात लिहिले आहे असे एक लांब अंतर निवडावे, उदाहरणार्थ पूर्ण पंखविस्तार किंवा धडाची लांबी, आणि ते पानावर पोलादी पट्टीने मोजून त्यावरून प्रमाण काढावे. हीच मोजणी पानाच्या उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांना करावी. कागदाचे तंतू प्रामुख्याने एका दिशेने असतात आणि तंतूंना काटकोनात असलेल्या दिशेने तो हवेतील दमटपणामुळे अधिक फुगतो व आकसतो. जुन्या कागदात हा फरक कायमचा राहून गेलेला असू शकतो. ३६ इंच म्हणजे ९१४ मिलिमीटर. त्यात एक टक्क्याची चूक म्हणजे नऊ मिलिमीटर, आणि एवढ्या चुकीमुळे पंखाच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. छायाप्रत यंत्रेही दोन्ही दिशांना अगदी समान वाढ करतातच असे नाही. म्हणून आधी पान ६०० डीपीआयवर स्कॅन करून संगणकावर दोन्ही दिशांचे प्रमाण वेगवेगळे दुरुस्त करावे आणि मगच पूर्ण आकाराची छपाई करावी.

यानंतर एक बारकावा येतो आणि नवशिक्यांची फसगत बहुतेक वेळा येथेच होते. आराखड्यातील रेषेची जाडी चौपट वाढीत चौपट होते. पाव मिलिमीटरची रेषा एक मिलिमीटरची होते, आणि आपल्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणारे आडवे तुकडे, ज्या बाल्सा पातीतून कापायच्या आहेत ती पाती एक सोळांश इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीची असते. रेषेच्या आतल्या कडेने कापायचे, बाहेरच्या कडेने की मधून, हे आधीच ठरवून सर्व भागांना तोच नियम लावावा, नाहीतर खाचा सैल होतात आणि रिबांची उंची एकमेकींशी जुळत नाही. वाढवलेल्या रिबचा आकार फारच वेडावाकडा दिसत असेल, तर आराखड्यावर पंखाच्या छेदाचे नाव दिले आहे का ते पाहावे. ‘क्लार्क वाय’ किंवा ‘एनएसीए ६४०९’ अशी नावे असतील तर त्या छेदांचे अधिकृत निर्देशांक (कडेवरील बिंदूंची मोजमापे) उपलब्ध आहेत आणि रिब त्यांवरून नव्याने काढणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. दुसऱ्या नावातील आकडे स्वतःच बोलतात : मध्यरेषेची कमाल कमान पंखाच्या रुंदीच्या सहा टक्के, ती पुढच्या कडेपासून चाळीस टक्क्यांवर, आणि कमाल जाडी नऊ टक्के.

जागा वाचवण्यासाठी मासिके बहुधा एकाच बाजूचा पंख छापत. दुसऱ्या बाजूसाठी कागदाला तेल लावून तो पारदर्शक करावा आणि उलटा ठेवावा, असा सल्ला जुन्या अंकांत आढळेल. तो मूळ पानावर कधीही अमलात आणू नये. संगणकावर आरशातील प्रतिमा काढायला क्षणभरही लागत नाही.

आता सामग्रीकडे येऊ. ब्रिटिश अंकांत तारेची जाडी एसडब्ल्यूजी (ब्रिटिश प्रमाणित तारमाप) या क्रमांकाने दिलेली असते आणि त्यात क्रमांक वाढला की तार बारीक होते. १६ क्रमांकाची तार १.६ मिलिमीटर, १८ क्रमांकाची सुमारे १.२ आणि २० क्रमांकाची सुमारे ०.९ मिलिमीटर असते. अमेरिकी अंकांत इंजिनाचे आकारमान घन इंचात असते. ०.०४९ म्हणजे सुमारे ०.८ सीसी, तर ०.६० म्हणजे जवळजवळ १० सीसी. आपले विमान रबर मोटरचे असल्याने इंजिनाचा प्रश्न नाही, पण पुढे उपयोग होईल.

बाल्साच्या बाबतीत ‘मऊ’, ‘मध्यम’ आणि ‘कठीण’ हे शब्द जसेच्या तसे घेऊन भागत नाही. पाती वजन करूनच निवडावी. एक सोळांश इंच जाडीची, तीन इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब पाती दर घनफुटाला सहा पौंड घनतेची असेल तर तिचे वजन साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरते, आणि दहा पौंड घनतेची असेल तर साडेसतरा ग्रॅमच्या पुढे जाते. दोन्ही पाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. रिबा आणि शेपूट हलक्या लाकडाचे, तर धडाच्या लांब पट्ट्या आणि पंखाचा मुख्य स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी पट्टी) त्याहून जड व ताठ लाकडाचा, असा विचार मूळ रचनाकाराने केलेला असतो, पण तो प्रत्येक वेळी शब्दांत लिहिलेला नसतो. शेपटाकडे एक ग्रॅम जास्त झाला तर तो तोलण्यासाठी नाकाशी कित्येक ग्रॅम घालावे लागतात. छत्तीस इंची रबर विमानात एवढ्याने उड्डाणाचा वेळ ठळकपणे घटतो.

विमान दुप्पट मोठे करून बांधण्याचा मोह पुष्कळांना होतो. मोजमापे दुप्पट केली की पंखाचे क्षेत्रफळ चौपट आणि आकारमान आठपट होते. बांधणी तशीच ठेवली तर वजनही जवळपास आठपट होते, पंखावरचा भार दुप्पट होतो आणि उडण्यासाठी लागणारा वेग सुमारे १.४ पट होतो. आकार बदलायचाच असेल तर पट्ट्या आणि पाती नुसत्या त्या प्रमाणात जाड करू नयेत, रचनाच पुन्हा विचारात घ्यावी. माझे मत विचाराल तर पहिले विमान छापील मापाचेच बांधावे.

आणि एक विनंती : आराखडा ज्या अंकात आहे त्याच्या पुढचे तीन-चार अंक मिळाले तर ते अवश्य पाहावेत. ‘अमुक रिबचे माप चुकले होते’ अशी दुरुस्ती किंवा एखाद्या वाचकाने विमान बांधून पाहिल्यानंतर लिहिलेले पत्र तिथेच सापडते.

प्रश्न : अंकांची पाने पिवळी आणि ठिसूळ झाली आहेत, पिना गंजल्या आहेत. लॅमिनेट करून घ्यावे का? मधोमध जोडलेला मोठा आराखडा वेगळा काढला तर चालेल का?

उत्तर : लॅमिनेट करू नये. एकदा केलेले लॅमिनेशन पानाला धक्का न लावता काढता येत नाही. स्वस्त लगद्याच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक उरलेला असतो. प्रकाश आणि हवा यांमुळे तो पिवळा पडतो आणि कागदात वाढणारे आम्ल तंतूंना तोडत जाते. ही प्रक्रिया घरी पूर्णपणे थांबवता येत नाही, पण मंद निश्चित करता येते. अंक थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी, आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवावेत. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्यतो स्थिर असावी. पिशव्या वापरायच्या तर पॉलिएस्टरच्या घ्याव्यात, पीव्हीसीच्या नकोत.

गंजलेली पिन ओढून काढल्यास कागद फाटतो. अंक मधल्या पानावर उघडून पिनेचे दुमडलेले पाय पातळ, बोथट पात्याने हळूहळू सरळ करावेत, मग ती बाहेर घ्यावी आणि त्याच छिद्रांतून सुती किंवा तागाच्या दोऱ्याने टाका घालावा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ यांनी केलेली दुरुस्ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. कीड लागलेली असेल तर अंक पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवावेत आणि खोलीच्या तापमानाला आल्यानंतरच उघडावेत.

मधला आराखडा पिना काढल्यावर आपोआप सुटा होतो, तेव्हाच तो स्कॅन करावा आणि पुन्हा त्याच जागी शिवावा. आराखड्याशिवायचा अंक संग्राहकांच्या दृष्टीने अपुरा ठरतो, आणि मजकूर व आराखडा वेगळे झाले की पुढच्या माणसाला दोन्हींचा उपयोग निम्मा होतो. मासिकाकडून वेगळे मागवलेले पूर्ण आकाराचे आराखडे त्याच पेटीत असतील तर ते मात्र अंकांपासून दूर ठेवावेत. असे आराखडे बऱ्याचदा डायझो या प्रती काढण्याच्या जुन्या रासायनिक पद्धतीने छापलेले असत, उजेडात त्यांच्या रेषा फिकट होत जातात आणि त्या कागदांतून निघणारी रसायने शेजारच्या कागदांनाही बाधतात.

प्रश्न : जुन्या अंकांत इंधन घरी मिसळण्याची कृती दिली आहे. ती आज वापरावी का?

उत्तर : नाही. छोट्या डिझेल इंजिनांसाठी ईथर, केरोसीन आणि एरंडेल तेल साधारण समभाग घेण्याची कृती त्या काळी सर्रास छापली जाई. ईथर अत्यंत ज्वालाग्राही असून त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते, आणि उघडून ठेवलेल्या जुन्या डब्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात. पेटीत इंधनाचा जुना डबा सापडला असेल तर तो उघडू नये, हलवू नये आणि घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्या जाणकारांना कळवावे. विमान ठरावीक वेळाने खाली आणण्यासाठी शेपटापाशी जळती वात बांधण्याची रीतही अशीच सोडून द्यावी, कारण वाळलेल्या गवतात ती आग लावू शकते. त्याऐवजी यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक टायमर मिळतात. धातूच्या तारांवर कंट्रोल लाइन विमान उडवताना विजेच्या तारा जवळ नाहीत ना, हे पाहण्याचा इशारा मात्र आजही तितकाच लागू आहे.

प्रश्न : सर्व अंक स्कॅन करून सर्वांसाठी खुले करावेत अशी माझी इच्छा आहे. कायद्याने ते करता येईल का?

उत्तर : स्वतःच्या वापरापुरती प्रत काढणे आणि ती सर्वांना वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत १९२९ साली प्रसिद्ध झालेले साहित्य ९५ वर्षांची मुदत संपून २०२५ च्या प्रारंभी मुक्त झाले. ज्यांची ९५ वर्षे अजून संपलेली नाहीत अशा, १९६३ पर्यंतच्या अमेरिकी अंकांचे हक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नोंदवून वाढवले होते की नाही, यावर ते ठरते. ब्रिटनमध्ये मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे असते आणि एकाच अंकातील लेखक, आराखडाकार आणि चित्रकार यांची गणना वेगवेगळी होते. त्यामुळे एखाद्या अंकाचा एक लेख मुक्त आणि शेजारचा आराखडा संरक्षित, असेही घडते. स्कॅन आताच करून ठेवावेत, कारण कागद कोणाची वाट पाहत नाही. प्रसार मात्र त्या देशाचा नियम पाहून, हक्कधारक सापडत असल्यास त्याची परवानगी घेऊनच करावा.

प्रश्न : आराखडे सोडले तर या अंकांत वाचण्यासारखे काय आहे?

उत्तर : पुष्कळ आहे. चार्ल्स हॅम्पसन ग्रँट यांनी ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’चे संपादन करताना विमानाच्या बाजूच्या क्षेत्रफळाचा मध्य आणि स्थैर्य यांविषयी जो सिद्धांत मांडला, त्यावर छंदिष्टांनी वर्षानुवर्षे वाद घातला. पंख धडावर उंच खांबावर बसवलेले कार्ल गोल्डबर्ग यांचे ‘झिपर’ १९३८ मध्ये आले आणि त्या वादाला प्रत्यक्ष उड्डाणांचा आधार मिळाला. गणिती शिक्षण नसलेली माणसे मोजमाप, निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर वायुगतिशास्त्राशी कशी झुंजली, हे त्या पानांत जिवंतपणे दिसते आणि मला ते फार मोलाचे वाटते. ‘एरोमॉडेलर’च्या युद्धकाळातील अंकांची सी. रूपर्ट मूर यांनी रंगवलेली मुखपृष्ठेही निवांत पाहावीत. जाहिराती वगळू नयेत. नाव नसलेले एखादे जुने इंजिन कोणत्या वर्षाचे, हे ओळखायला त्याच उपयोगी पडतात.

प्रश्न : वडिलांनी अंकांतील आराखड्यांवर पेन्सिलीने खुणा आणि आकडे लिहून ठेवले आहेत. स्कॅन करण्यापूर्वी ते खोडून पान स्वच्छ करावे का?

उत्तर : कृपया एकही खूण खोडू नये. तो आराखडा प्रत्यक्ष बांधून उडवून पाहिलेल्या माणसाची ती नोंद आहे, आणि पुढे बांधणाऱ्याला तिचा छापील मजकुराइतकाच उपयोग होईल. फिकट पेन्सिल काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये नाहीशी होते, म्हणून अशी पाने रंगीत स्कॅन करावीत. आकड्यांपैकी कोणते वजन आहे, कोणते रबराचे पीळ आहेत आणि कोणते सेकंद आहेत, हे वडिलांना विचारणे शक्य असेल तर विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. आणि त्या आराखड्यावरून कोणी विमान बांधणार असेल, तर पेन्सिलीने दाखवलेला गुरुत्वमध्य छापील खुणेच्या पुढे आहे का ते आधी पाहावे. तसे असल्यास पहिले चाचणी उड्डाण त्या पुढच्या खुणेवर तोल साधूनच करावे.